लेन्स माझ्या हातात, पैसे भलत्याच्याच खात्यात: ५२,५०० रुपयांना गंडलो

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. दहा वर्षं सेकंडहँड कॅमेरे-लेन्सेस घेतोय-विकतोय, आमच्या ग्रुपमधली पोरं काही घ्यायचं झालं की आधी मला फोन करतात, आणि मीच ५२,५०० रुपयांना गंडलो. तेसुद्धा फोटो बघून नाही, लेन्स प्रत्यक्ष हातात घेऊन, माझ्या कॅमेऱ्याला लावून, फोटो काढून बघितल्यावर. ज्यांना हसायचंय त्यांनी आताच हसून घ्या.

थोडी मागची गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल हौशी माणूस होता, फसला. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, कुंडईला फॅक्टरीत शिफ्टची नोकरी. फोटोग्राफी कुणी शिकवली नाही. २०१४ साली मावसभावाचा निकॉन डी३१०० शिगम्याला मागून घेतला, घोडेमोडणीच्या नाचाचे अडीचशे फोटो काढले आणि त्यातले अडीचशेच्या अडीचशे हललेले. तिथून खाज सुटली. तोच कॅमेरा पुढे त्याच्याकडून ९,००० ला घेतला. यूट्यूब बघून बघून ॲपर्चर-शटर-आयएसओ डोक्यात घुसवलं. पहिली लेन्स घेतली ५० एमएम १.८ डी, कारण स्वस्त होती, आणि घरी येऊन लावली तर ऑटोफोकसच चालेना. डी३१०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि त्या डी लेन्समध्येही नसते, हे मला लेन्स घेतल्यावर कळलं. वर्षभर हाताने फोकस फिरवत बसलो. तेव्हापासून कानाला खडा, काहीही घ्यायच्या आधी आठ-आठ दिवस वाचायचं. २०२१ ला वापरलेला डी७२०० घेतला तो ३६,००० ला, शटर काउंट (म्हणजे आजवर काढलेले फोटो) ४१ हजार, आधी त्याच्यावर काढलेला फोटो मागवून फाइलमधून काउंट तपासला आणि मगच गेलो. त्या शटरचं आयुष्य कंपनी दीड लाख सांगते, म्हणजे अजून भरपूर बाकी. लेन्स बघायची तर मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघायचं. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काचेचा वैरी, जूनमध्ये बॅगेत ठेवलेली लेन्स गणपतीला काढली की खल्लास. हे सगळं मला येतं. म्हणूनच जास्त राग येतोय.

पक्ष्यांचं वेड लागलं करमळीच्या तळ्यावर. मग मये, चोडणची फेरी पकडून सलीम अली अभयारण्य. ५५-३०० एमएमची झूम लेन्स होती माझ्याकडे, पण खारफुटीत बसलेला खंड्या तिच्यात म्हणजे एक निळा ठिपका. निकॉनची २००-५०० हवी होती. २०१५ ला आलेली लेन्स, शेवटपर्यंत एफ ५.६ (म्हणजे पूर्ण झूम केली तरी आत येणारा उजेड कमी होत नाही), वजन सव्वादोन किलोच्या वर पण माझ्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर ती ७५० सारखी पोचते. सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांची १५०-६०० पण बघितली होती, पण माझं मन हिच्यावर बसलेलं. भिशीचे ३०,००० आले होते, दोन लग्नांचे आणि एका बारशाचे फोटो काढून मिळालेले २२,५०० बाजूला होते. बरोबर ५२,५००. आणि ऑनलाइन दिसलेल्या जाहिरातीत किंमत किती? ५५,०००, थोडं कमी-जास्त होईल.

स्वस्त होतं ते मला दिसलं नाही का? दिसलं. पण लोक सगळे मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर चाललेत, निकॉनचा त्यासाठीचा झेड माउंट २०१८ ला आल्यापासून जुन्या आरशावाल्या डीएसएलआरच्या लेन्सेस लोक पडेल भावात काढतायत, हे खरंच आहे. त्यामुळे ५५ म्हणजे सत्तरची लेन्स पंचावन्नला, असं काही अशक्य वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मेसेज टाकला. समोरचा म्हणाला मी तारवटी आहे. गोव्याबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि गोव्यात दर दोन घरांआड एक असतो. फोटोत पांढरा युनिफॉर्म. मुंबईत मेडिकलला आलोय, दोन दिवसांत बोटीवर चढणार, लेन्स मडगावात माझ्या मेव्हण्याकडे ठेवलीय, जाऊन बघा, आवडली तरच घ्या. हिंदीत बोलायचा, मधेच कोकणी शब्द. फोन ठेवताना म्हणाला ‘देव बरें करूं’. झालं, मी विरघळलो. हे तीन शब्द पाठ करायला किती वेळ लागतो हो? तीन सेकंद.

५२,५०० वर ठरलं. मग म्हणाला, भाऊ एक विनंती. मेव्हण्याशी किमतीचं काही बोलू नका. घरच्या देण्याघेण्यावरून आमच्यात जरा कुरकुर आहे, ५२ ला दिली असं कळलं तर तो भांडेल, तुम्ही फक्त लेन्स बघा, पैशाचं आपण दोघं बघू.

इथेच. इथेच मला फोन ठेवायला हवा होता. जी वस्तू मी घ्यायला चाललोय ती ज्याच्या हातात आहे त्याच्याशी किमतीवर बोलायचं नाही, असलं कुठे असतं का? पण मला वाटलं, असतं बाबा, माझ्याच घरात मामा आणि बाबा दहा वर्षं एका फणसाच्या झाडावरून बोलत नाहीत. लेन्स दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही या बोलीवर टोकन म्हणून २,५०० रुपये त्याच रात्री पाठवले.

ज्यांना हा प्रकार माहीत आहे त्यांना कळलंच असेल पुढे काय. मेव्हणा-बिव्हणा कोणी नव्हता. मडगावचे ते गृहस्थ लेन्सचे खरे मालक, त्यांनी स्वतःची जाहिरात ६८,००० ला टाकली होती. ह्या चोराने त्यांचे फोटो उचलून आपली जाहिरात केली. मला सांगितलं मेव्हणा आहे, आणि त्यांना सांगितलं माझा माणूस लेन्स बघायला येतोय, तो माझ्याकडे कामाला आहे, त्याच्यासमोर किंमत काढू नका, पसंत पडली की ६८ तुमच्या खात्यावर टाकतो. दोघांची तोंडं दोन बाजूंनी शिवली आणि मधे बसून खाल्लं.

रविवारी सकाळी स्कूटरने मडगावला गेलो. दीड तास. गृहस्थ सज्जन, पन्नाशीचे, बाल्कनीत खुर्ची टाकली, त्यांच्या बायकोने चहा आणला. लेन्स अगदी नव्यासारखी, हूड, कॅप, पाऊच सगळं. टॉर्च मारला, स्वच्छ. फोकस रिंग मखमली. समोरच्या माडावर एक ब्राह्मणी घार येऊन बसली, मी कॅमेऱ्याला लेन्स लावली, ५०० वर नेली, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तिचा डोळा आला हो. डोळ्याभोवतीची पिवळी कड, चोचीवर सुकलेलं काहीतरी. माझं हृदय धडधडायला लागलं. आणि त्याच वेळी मागून ते म्हणाले, ‘मग शेठ पैसे कधी टाकतायत तुमचे?’

शेठ. माझे शेठ. माझा कुठला शेठ? मी ऐकलं, शप्पथ सांगतो, स्पष्ट ऐकलं, आणि घारीवरून डोळा न काढता म्हणालो, ‘हो हो, टाकतोच आता.’ मला वाटलं गंमतीने मला शेठ म्हणतायत. रोज रात्री झोपताना हे वाक्य माझ्या कानात वाजतं. नुसतं वळून ‘कोण शेठ?’ विचारलं असतं तर ५०,००० वाचले असते. दोन शब्द.

चोराने यूपीआय आयडी पाठवला. टाकला, तर नाव आलं एका बाईचं. फोन केला, म्हणाला बायकोचं खातं आहे, तारवट्याचं अकाउंट परदेशी असतं. मी ५०,००० टाइप केले, पिन टाकला, हिरवी खूण आली. वेळ ११:४२.

मी लेन्स पाऊचमध्ये घालायला लागलो तर ते म्हणाले थांबा, माझ्या मोबाईलवर मेसेज आला नाही. मी म्हटलं तुमच्या मेव्हण्याच्या खात्यावर टाकलेत ना. ते म्हणाले, कुठला मेव्हणा? मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. तो क्षण मी शब्दांत सांगू शकत नाही. चोराला फोन लावला, बंद. त्यांनी हळूच माझ्या हातातून लेन्स घेतली, बॅगेत ठेवली आणि चेन लावली. चेन लावल्याचा तो आवाज. त्यांचं काही चुकलं नाही, पण तेव्हा मला वाटलं हेही सामील आहेत, आवाज चढला, शेजारी आले, त्यांच्या बायकोला रडू फुटलं. मागून त्यांनीच मला स्वतःच्या मोबाईलवरचं चॅट दाखवलं. माफी मागितली मी त्यांची, तीही इथे परत मागतो.

आता पुढचं ऐका. मडगावच्या चौकीत गेलो. रविवार, एकच माणूस. ‘राहता कुठे? डिचोली? मग तिकडे द्या तक्रार.’ सोमवारी शिफ्ट बुडवून गावाजवळच्या चौकीत. ‘घटना कुठे घडली? मडगाव? मग मडगावला द्या.’ मी म्हटलं साहेब, २०२४ पासून नवा कायदा आलाय, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मीच काहीतरी चोरून आणलंय. मग तिथल्या हवालदाराने माझा मोबाईल हातात घेऊन विचारलं, ‘ओटीपी दिला कुणाला?’ नाही. ‘लिंक दाबली?’ नाही. ‘वस्तू बघितली होती?’ हो. ‘पैसे स्वतःच्या हाताने पाठवले?’ हो. ‘मग फ्रॉड कसला हो ह्यात?’ मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे ओटीपी दिला असता तर बरं झालं असतं! बँकेत गेलो तर तिथली मॅडम म्हणाली ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला व्यवहार आहे, फॉर्म भरा, आणि फॉर्म भरायला पेन पण मीच आणायचं. तिसऱ्या फेरीत तक्रार घेतली एकदाची, त्यात लेन्सच्या जागी ‘कॅमेरा’ लिहिलं आणि मडगावच्या जागी म्हापसा. दुरुस्त करा म्हटलं तर ‘त्याने काय फरक पडतो’. अहो, तुम्हाला पडत नसेल! ओळखीच्या वकिलाने सांगितलं ग्राहक आयोगात जाऊ नकोस, व्यापारी नसलेल्या माणसाशी झालेला हा व्यवहार तिथे बसत नाही.

एक चूक मात्र पूर्ण माझी. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी फोन केला संध्याकाळी साडेचारला. ११:४२ ला पैसे गेले, साडेचारला फोन. मधले पाच तास मी भांडणात, चौकीत आणि कुणाला सांगू या लाजेत घालवले. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले. एका खात्यात १,८४० रुपये अडकवलेत म्हणे. म्हणून सांगतो, पैसे गेले की आधी १९३०, रडणं-भांडणं नंतर. यूपीआयचा बारा आकडी रेफरन्स नंबर हातात धरूनच फोन करा, त्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

आणि जो कोणी ‘किंमत बोलू नका’ म्हणेल त्याच्याशी व्यवहारच करू नका. वस्तू ज्याच्या हातात, पैसे त्याच्याच खात्यात, त्याच्या मोबाईलची घंटी तुमच्या कानांनी ऐका. नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका, बायको असो की आजी. फोटो मागताना लेन्सचा सिरीयल नंबर आणि बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद, असा मागा. माझ्या चोराला मागितला असता तरी त्याने मालकाकडूनच मागवून दिला असता म्हणा, पण मालक तरी विचारात पडले असते. आणि विकणाऱ्यांनो, तुम्ही पण. जाहिरात टाकल्यावर कुणी ‘माझा माणूस बघायला येईल’ म्हटलं तर त्या माणसाला दारातच विचारा, तुम्ही विकत घेताय की बघायला आलाय.

बायकोला मी १२,५०० गेले असं सांगितलंय. हे वाचून तिला खरा आकडा कळेल, कळू दे.

परवा तेच फोटो परत दिसले, तीच बाल्कनी, तीच खुर्ची, किंमत या वेळी ४९,०००. भाच्याच्या मोबाईलवरून विचारलं, लेन्स आहे का अजून? दोन मिनिटांत उत्तर आलं. आहे भाऊ, वास्कोला माझ्या मेव्हण्याकडे. स्क्रीनशॉट घेऊन चौकीत गेलो तर म्हणाले, तुम्ही कशाला त्याच्याशी बोलत बसता.