इंग्लिश यादवी युद्धाचा पायदळ संच (२८ मिमी): दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेल्या संचातली, सुमारे २८ मिमी उंचीच्या छोट्या शिपायांची पलटण (राजा विरुद्ध पार्लमेंट या सतराव्या शतकातल्या युद्धातली) रंगवून झाली आणि टेबलावर बरीच खेळूनही झाली. भालाईत, तोड्याच्या बंदुका घेतलेले शिपाई, कागदी निशाणांचा ताव आणि रंगांचा तक्ता, एवढं यात मिळतं. घडण सुरेख आहे. छातीवरच्या पट्ट्याला लटकणाऱ्या दारूच्या लाकडी कुप्या एकेक सुट्या दिसतात. वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावला की आपोआप उठून येतात.

तक्त्यावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात राजाच्या बाजूला एक रंग आणि पार्लमेंटच्या बाजूला दुसरा, अशी सरळ वाटणी केली आहे. १६४२ मध्ये कोटाचा रंग ज्याच्या त्याच्या कर्नलने ठरवलेला असायचा. पार्लमेंटकडे होल्सची पलटण लाल, हॅम्पडनची हिरवी. लाल कोट राजाकडेही होतेच. लाल हा अख्ख्या फौजेचा रंग झाला तो १६४५ च्या न्यू मॉडेल आर्मीत, म्हणजे पार्लमेंटच्या नव्या फौजेत. तोवर आपला-परका ओळखायचा तो शेल्यावरून (पार्लमेंटचा सेनापती एसेक्स याच्या फौजेचा नारिंगी) नाहीतर टोपीतल्या खुणेवरून. २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत पार्लमेंटचा सेनानी फेअरफॅक्स शत्रूच्या गर्दीत एकटा सापडला, तेव्हा टोपीतली पांढरी खूण काढून तो त्यांच्यातूनच सुखरूप निसटला! म्हणून माझ्या शिपायांच्या टोप्यांत कागदाचे बारीक कपटे खोवले आहेत. त्याच लढाईतले, राजाचा सेनानी न्यूकॅसल याचे ‘पांढरे कोट’ तक्त्यात दुधासारखे शुभ्र आहेत. ती बिनरंगाची लोकर होती. हस्तिदंती रंगात थोडा खाकी मिसळा, वर पातळ तपकिरी वॉश द्या.

पैसे वसूल होतात ते निशाणांत. प्रत्येक कंपनीचं निशाण वेगळं, आणि नेहमीची पद्धत तावात नेमकी पाळली आहे: कर्नलचं एकरंगी, लेफ्टनंट कर्नलच्या कोपऱ्यात सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस, मेजरच्या क्रॉसखालून निघालेली ज्वाला, मग पहिल्या कॅप्टनला एक चिन्ह, दुसऱ्याला दोन. खरी निशाणं साडेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे या मापात सुमारे ३५ मिमी. इथली तेवढीच भरतात. गोंद ओला असतानाच ब्रशच्या दांड्यावर वळवून घड्या पाडा आणि कापलेली पांढरी कड त्याच रंगाने झाका.

प्लास्टिकचे भाले वाकतात. सोळा फुटी भाल्यासाठी ८७ मिमी पोलादी तार बसवली, तेव्हापासून तक्रार नाही. स्प्रे वॉर्निश पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट झाक धरते; जूनपासून मी ब्रशनेच लावतो. आता स्कॉटिश पलटण घेतली आहे: राखाडी कोट, निळ्या टोप्या आणि निशाणभर सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रॉस.