चौदा वर्षांचा लॅपटॉप आणि फुकटचं लिनक्स मिंट: गोव्यातल्या माशेलहून चार महिन्यांचा अनुभव

माझा लॅपटॉप २०११ चा. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता आणि नटांच्या नकला (म्हणजे ज्याच्या त्याच्या संवादांच्या प्रती) टाइप करणं, एवढंच त्याचं काम. गेली दोन वर्षं मात्र बटण दाबलं की मी चहाचं आधण ठेवायचो. चहा उकळून, गाळून, अर्धा कप पिऊन झाला की कुठे माउसचा बाण हलायचा.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, "मास्तर, ह्यात पैसे घालू नका, नवा घ्या. चाळीसेक हजारांत चांगला येतो." चाळीस हजारांत आमच्या मंडळाचं नेपथ्य आणि रंगभूषा दोन्ही भागतं. मी पंखा तेवढा साफ करून घेतला (पावसाळ्यातल्या बुरशीचा थर निघाला आतून) आणि घरी आलो.

भाच्याने लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. त्यातलं एक्सएफसीई, म्हणजे हलकं रूप. फाइल जवळजवळ ३ जीबीची. त्याच्या लॅपटॉपवर रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. "मामा, आधी नुसतं पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, आतलं काही जात नाही," तो म्हणाला. हे मला सगळ्यात आवडलं. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, पडदा नीट आहे का, हे सगळं काही न पुसता तपासता येतं. माझ्या वायफायची चिप पहिल्या दिवशी दिसलीच नाही. मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं (मोबाइलचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला मिळतं), ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवला, मग दिसली.

चूक झाली ती पुढे, आणि ती माझीच. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय येतो. मी समजलो, सी ड्राइव्ह पुसणार. डी ड्राइव्ह तर वेगळा! तसं नसतं. डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, सी आणि डी दोन्ही. संहिता मी आधीच उतरवून ठेवल्या होत्या, पण चवथीच्या घुमट (मातीचं चर्मवाद्य) आरतीची तीन वर्षांची रेकॉर्डिंग डीवर होती. ती गेली. हे वाचून कोणी करायला बसणार असेल तर आधी एकूण एक फोल्डर बाहेर काढा.

वेगाचं खरं सांगतो, कारण लोक फुगवून सांगतात. जुन्या हार्डडिस्कवर मिंट सुरू व्हायला सव्वा मिनिट लागायचं. महिन्याभराने दोन हजारांच्या आतली एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली, तेव्हा ते पंचवीस सेकंदांवर आलं. म्हणजे अर्धं श्रेय एसएसडीचं. पण नुसतं सुरू होऊन बसलं की मिंट साडेआठशे एमबीच्या आसपास रॅम खातं, उरलेली माझ्या कामाला मिळते, हे श्रेय मिंटचंच. फायरफॉक्समध्ये पाच-सहा टॅब उघडेपर्यंत ठीक; त्यापुढे धाप लागते.

आता माझा खरा विषय, मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरलेली बटणांची मांडणी) निवडलं की लागलीच टाइप होतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. 'सूत्रधार' मधला 'त्र' काढायला एल, डी, जे ही बटणं ओळीने दाबायची: त, हलन्त, र. आमच्या जत्रेत डीजेला बंदी आहे, माझ्या कीबोर्डवर नाही. जुन्या संहिता मात्र युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फाँटमधल्या. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) उघडल्या तर नायिकेच्या तोंडी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. त्या फाँटची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या डॉट फाँट्स (.fonts) नावाच्या लपलेल्या फोल्डरात टाकली, लिब्रेऑफिस बंद करून उघडलं, तर संवाद जसेच्या तसे. त्या फाँटमध्ये नवीन टाइप करणं मात्र जमत नाही, त्याचा कीबोर्ड विंडोजवालाच होता. जुन्या संहितेत भर घालायची तर तो प्रवेश नव्याने युनिकोडमध्ये काढतो. कटकट आहे, पण नकला आता मोबाइलवर पाठवता येतात, हा फायदा मोठा.

प्रिंटरने हरवलं. घरी एका नावाजलेल्या कंपनीचा छोटा लेझर प्रिंटर आहे. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर घालून दोन संध्याकाळ घालवल्या. कागद आत घेतो आणि कोराच बाहेर टाकतो. तुमचं काम छपाईचं असेल तर पेनड्राइव्हवरून चालवतानाच एक पान छापून बघा. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी तर ह्या वाटेला जाऊच नये, ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे.

बाकी तक्रार नाही. अपडेट कधी घ्यायचे ते मी ठरवतो, तालमीच्या मधेच अडवून बसत नाही. मिंटची २२ क्रमांकाची आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळणार आहेत. तोपर्यंत लॅपटॉपच्या बिजागऱ्या टिकल्या तर पुरे. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे वीज गेली की पडदा काळा. परवा दुसऱ्या अंकाच्या मधोमध गेली. परत आल्यावर लिब्रेऑफिसने स्वतःहून फाइल सावरून दिली, शेवटची चार वाक्यं सोडून. ती चार खलनायकाची होती. तो नट आजही मला विचारतोय, माझं भाषण छोटं का केलंत?