वासरांच्या हगवणीच्या के-९९ हायब्रिडोमाचा सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परभणीत सात महिने चाललेली ही हायब्रिडोमा लाइन (अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जुळवून केलेला, सतत वाढणारा पेशींचा वंश) उंदराची, एसपी२/० या कर्कपेशींशी जुळवलेली, आयजीजी-१ प्रकारची अँटिबॉडी देणारी. नवजात वासरांना हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूवरच्या के-९९ नावाच्या तंतूंना अँटिबॉडी घट्ट धरते. लाइन घेण्याजोगी आहे, मात्र तिच्याकडे दुर्लक्ष चालत नाही.

गोठवलेल्या पेशींची कुपी ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा खडा उरेपर्यंतच धरा. मग १० मिली माध्यम थेंब थेंब सोडा, २०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि गोठवताना घातलेलं डीएमएसओ काढून टाका. पहिले दोन पॅसेज (पेशी नव्या माध्यमात हलवण्याच्या फेऱ्या) माध्यमात २० टक्के सीरम, पुढे १० पुरतं. मिलीला २ लाख पेशींपासून सुरुवात करा. १० लाखांपुढे गेल्या की एका दिवसाच्या उशिरानंही मरायला लागतात.

खरी डोकेदुखी वेगळीच. अँटिबॉडी न बनवणाऱ्या पेशी भराभर वाढतात आणि बाकीच्यांना मागे टाकतात. फ्लास्क ठणठणीत दिसतो, टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) मात्र घसरलेला. म्हणून दर आठवड्याला एलायझा (अँटिबॉडी रंगानं दाखवणारी चाचणी) हवीच. टायटर उतरला की मिलीला २.५ पेशी इतकं पातळ करून ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणाला २०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे सरासरी अर्धी पेशी, आणि एकाच पेशीपासून वाढलेले, अँटिबॉडी देणारे खण निवडा. असं दोनदा करा.

एलायझासाठी जिवाणू मिंका नावाच्या माध्यमात ३७ अंशांवर वाढवा. तेच १८ अंशांवर वाढवले तर के-९९ तयारच होत नाही, हा झाला फुकटचा निगेटिव्ह कंट्रोल (रंग येऊ नये असा तुलनेचा नमुना). पण बी-४१ हा ई. कोलायचा स्ट्रेन एफ-४१ नावाचे दुसरे तंतूसुद्धा बनवतो आणि तेही थंडीत थांबतात, तेव्हा फक्त के-९९ असलेला स्ट्रेन सोबत हवाच. हगवणीनं वासरू दोन दिवसांत आटतं; खोट्या रंगावर निदान करणं त्याच्या जिवावर बेततं.

अँटिबॉडीच्या शुद्धीकरणाला प्रोटीन-ए (अँटिबॉडी धरून ठेवणारं प्रथिन) कच्चं पडतं, प्रोटीन-जी घ्या. त्यावर सीरममधली गाईची आयजीजीही चिकटते, तेव्हा शेवटच्या बॅचला कमी आयजीजीचं सीरम वापरा. एलायझात रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, एन्झाइम बंद पडतं.

पेशींना लागण करणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूला पेशीभित्तिका नसल्यानं पेनिसिलिन लागू पडत नाही आणि माध्यमही गढूळ होत नाही. म्हणून महिन्याला पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा.

मे महिन्यात वीज गेली की इन्क्युबेटरचं दार उघडू नका. माध्यमात २५ मिलीमोलर हेपेस बफर असेल तर पीएच सावरतो. गोठवलेल्या कुप्या ठेवायला रेतनाच्या कांड्यांसाठी असतो तसला द्रव नायट्रोजनचा कंटेनर चालतो, पण उन्हाळ्यात पट्टी बुडवून पातळी दर दोन दिवसांनी बघा आणि निम्म्या कुप्या दुसऱ्या कंटेनरात ठेवा.