युरिन टेस्ट स्ट्रिप्स, १०० ची डबी: कामाच्या आहेत, पण घड्याळ लावून बघा

मुलगा ९ वर्षांचा. जुलैत व्हायरल ताप, घसा वगैरे झालं, आठवड्यात बरा पण झाला, आणि मग एके सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवी कोऱ्या चहासारखी. आम्हाला आधी वाटलं पाणी कमी पितोय. रिपोर्टमध्ये प्रोटीन, रक्त, बीपी पण वाढलेलं. डॉक्टर म्हणाले नेफ्रायटिस, किडनीतल्या गाळण्यांना सूज आलीय. एरवी मुलांना हे जास्त करून घशातल्या स्ट्रेप बॅक्टेरियानंतर होतं, पण याच्या टेस्ट बघून ते व्हायरसवरच आले. मीठ कमी, ब्रुफेनसारख्या पेनकिलर बंद, आणि रोज सकाळची पहिली लघवी घरी तपासून वहीत लिहायची. म्हणून ही डबी घेतली.

वापरायला सोप्पी आहे, बुडवायची, कडेला पुसून आडवी धरायची, पण प्रोटीन आणि रक्ताचा चौकोन ६० सेकंदांनीच बघायचा. मी पहिल्यांदा चहा उकळायला ठेवून पाच मिनिटांनी आले तर सगळंच हिरवंगार, हातपाय गळाले माझे! आता पोरगाच मोबाईलवर टायमर लावतो. आणि रंग ट्यूबलाइटखाली जुळवू नका, गॅलरीत उजेडात बघा, पिवळा आणि किंचित हिरवट यातला फरक घरात कळतच नाही.

अजून एक, मध्ये दोन दिवस रक्ताचा चौकोन एकदम साफ आला, आम्ही खूश. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मात्र रक्तपेशी दिसल्या. मग उलगडा झाला, सासूबाई नातवाला सर्दीसाठी व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या देत होत्या, त्याने स्ट्रिपवर रक्त लपू शकतं म्हणे. डबीवर एवढी महत्त्वाची गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरात!

झाकण पण सैल आहे. दमट हवेत पट्ट्या खराब होतात, म्हणून बाथरूममध्ये ठेवायची नाही, आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही. आमच्या पहिल्या डबीतल्या शेवटच्या वीसेक पट्ट्या न वापरताच रंगल्या, रिटर्न मागितलं तर नाही म्हणाले.

प्रोटीन दीड महिन्यात गेलं, रक्त अजून एक प्लस येतं, डॉक्टर म्हणाले ते काही महिने रेंगाळू शकतं. तीन स्टार. एक झाकणाचा कापला, एक त्या अक्षरांचा. दुसरी डबी मागवलीय, तीही हीच.