घटना समितीच्या चर्चांचा पाच पुस्तकांचा संच

लोकसभा सचिवालयाने पुनर्मुद्रित केलेला घटना समितीच्या चर्चांचा इंग्रजी संच मी गेल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मागवला. बारा खंड पाच जाडजूड पुस्तकांत बांधलेले आहेत. विक्रेत्याने ‘स्थिती उत्तम’ असे कळवले होते. प्रत्यक्षात चौथ्या पुस्तकाची शिलाई शेवटाकडे सुटलेली निघाली आणि ती पदरच्या पैशाने करून घ्यावी लागली. हा दोष विक्रेत्याचा. संचाबद्दलचे माझे म्हणणे वेगळे आहे.

घटना लिहिण्याच्या कामाची आखणी कशी झाली हे पाहायचे असेल, तर पहिले पुस्तक सावकाश वाचावे. त्यात सहा खंड आहेत. ९ डिसेंबर १९४६ रोजी बैठक सुरू झाली म्हणून लगेच कोणी मसुदा लिहायला बसले नाही. आधी कामकाजाचे नियम, मग उद्दिष्टांचा ठराव आणि त्यावर मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत थांबावे अशी बॅरिस्टर जयकरांची उपसूचना, असा हा क्रम आहे. (पुढे जयकरांनीच रिकाम्या केलेल्या मुंबईच्या जागेवरून बाबासाहेब १९४७ मध्ये पुन्हा निवडून आले.) त्यानंतर केंद्राच्या घटनेसाठी नेहरूंच्या आणि प्रांतांच्या घटनेसाठी पटेलांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल सभागृहात आले, त्यांतील तत्त्वांवर मते घेतली गेली आणि मगच, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केलेला मजकूर तपासणे आणि सभागृहाचे निर्णय त्यात उतरवणे हे तिचे ठरवून दिलेले काम होते. ‘समिती बसली आणि घटना लिहिली’ असे जयंतीच्या भाषणांतून ऐकत आलेल्या माणसाला हा क्रम नवा वाटेल. मला तरी वाटला.

सहावा खंड अवघ्या एका दिवसाचा आहे, २७ जानेवारी १९४८ चा. छपाईत काही गळले की काय, अशी शंका मला आधी आली. तसे काही नव्हते; काम तेव्हा मसुदा समितीच्या खोलीत चालू होते आणि २१ फेब्रुवारीला मसुदा सादर झाला.

संचाची खरी अडचण सातव्या खंडापासून सुरू होते. मांडणी तारखेनुसार आहे, आणि कलमे मात्र तारखेनुसार निकालात निघत नाहीत. पहिल्याच कलमाचे उदाहरण घ्या. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी त्यात ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ हे शब्द घालण्याची उपसूचना मांडली आणि बाबासाहेबांनी तिला विरोध केला; पण देशाच्या नावाचा प्रश्न सुटला थेट १८ सप्टेंबर १९४९ रोजी, जेव्हा हरी विष्णू कामत यांची उपसूचना ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. म्हणजे एका कलमासाठी दुसरे आणि चौथे अशी दोन वजनदार पुस्तके एकाच वेळी उघडी ठेवावी लागतात. ती मतमोजणी नवव्या खंडाच्या अगदी अखेरीस, म्हणजे नेमक्या माझ्या सुटलेल्या पानांत होती.

दुसरी उणीव या प्रकारच्या ग्रंथाला चिकटलेलीच आहे. सभागृहात जे बोलले गेले तेवढेच येथे आहे. मसुदा समितीच्या बैठकींत शब्द कसे बदलले, हे कळत नाही. त्या खोलीची चाहूल भाषणांतूनच लागते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सांगितले की, सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले आणि एकदोघे दिल्लीपासून दूर, त्यामुळे सारा भार आंबेडकरांवर पडला. पाचव्या पुस्तकात, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, बाबासाहेब स्वतः राव यांचे आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य करतात, आणि मसुदा समितीला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, म्हणणाऱ्या नझीरुद्दीन अहमद यांनाही उत्तर देतात. वृत्तान्ताची कोरडी भाषा या ठिकाणी जाणवत नाही.

अभ्यासकांनी, वकिलांनी आणि तालुक्याच्या ग्रंथालयांनी संपूर्ण संच घ्यावा. घरी वाचण्यासाठी सुटी पुस्तके मिळत असतील, तर पहिले आणि पाचवे पुरेसे आहे. जुना संच घेताना चौथ्याची शेवटची पाने उघडून पाहावीत.