टी१ की डिफ्युजन? शिकण्याने मेंदूच्या रचनेत होणारा बदल मोजताना

समजा, दादरमध्ये मोडी लिपीचा १२ आठवड्यांचा वर्ग सुरू होतोय आणि वर्गाआधी व वर्गानंतर एमआरआय काढून शिकणाऱ्यांच्या मेंदूच्या रचनेत फरक पडतो का, ते बघायचंय. ३ टेस्ला चुंबकशक्तीचं मशीन मिळणार पेशंटची गर्दी ओसरल्यावर, माणशी अर्धा तास. त्यातली १० मिनिटं तयारीतच जातात. अंगावर धातू चालत नाही: मंगळसूत्र आठवणीने निघतं, जोडवी आणि साडीची पिन राहून जाते.

तेवढ्या वेळात एमआरआयच्या दोन प्रकारांतून निवडायचंय. टी१ हा मेंदूची रचना दाखवणारा स्कॅन ५-६ मिनिटांत होतो, १ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या घन ठिपक्यांत). त्यातून चेतापेशी असलेल्या करड्या भागाचं आकारमान आणि कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी मिळते. माणूस हलला तर लगेच पुन्हा घेता येतो. २००४ साली तीन चेंडू हवेत खेळवायला शिकलेल्यांमध्ये हलती वस्तू टिपणाऱ्या भागाची वाढ दिसली ती याच स्कॅनने. सराव थांबल्यावर तीन महिन्यांत ती बरीचशी ओसरली. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा २०११ चा अभ्यासही टी१चाच. शहरातले रस्ते पाठ असल्याच्या परीक्षेत ७९ शिकाऊंपैकी ३९ पास झाले आणि हिप्पोकॅम्पसच्या (आठवणी आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला वाढ दिसली ती फक्त पास झालेल्यांत. नापास झालेले होते म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आहे.

डिफ्युजन स्कॅन पाण्याचे रेणू कोणत्या दिशेला किती सहज सरकतात ते मोजतो. पांढऱ्या भागातल्या, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या, तंतूंबद्दल काही म्हणायचं असेल तर या दोन स्कॅनपैकी हाच उपयोगी. बदलही तो लवकर पकडतो: २०१२ च्या एका अभ्यासात कार-रेसचा गेम जेमतेम दोन तास खेळल्यावर हिप्पोकॅम्पसमधला सरासरी डिफ्युजन घटलेला दिसला. मात्र वेळ लागतो. ६४ दिशा आणि ६ बी-शून्य (कोणतीही दिशा न मोजणारी, तुलनेसाठीची चित्रं) म्हणजे ७० व्हॉल्यूम, म्हणजे पूर्ण मेंदूची ७० चित्रं. प्रत्येकी ८ सेकंद धरले तर सव्वानऊ मिनिटं. मल्टिबँड २ (एका वेळी दोन काप टिपण्याची सोय) असेल तर साधारण निम्मी. शिवाय उलट्या फेज-एन्कोडिंगचे (चित्र उलट्या दिशेने टिपलेले) दोन-चार बी-शून्य व्हॉल्यूम घ्यायलाच हवेत. ते नसतील तर कानाजवळच्या हाडातल्या हवेमुळे टेम्पोरल लोबचा (कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाचा) तळ चेपलेला किंवा ताणलेला दिसतो, आणि अक्षरं ओळखणारा भाग नेमका त्याच शेजारी. मोडीच्या अभ्यासाला हे परवडणारं नाही.

एफए हा डिफ्युजनचा लाडका आकडा, ० ते १ मधला: पाणी एकाच दिशेला सरकण्याचा कल किती, ते तो सांगतो. तो वाढला की लोक ‘मायलिन (तंतूंवरचं आवरण) वाढलं’ असं लिहून मोकळे होतात. पण जिथे दोन तंतुमार्ग एकमेकांना छेदतात तिथे एक मार्ग घट्ट झाला तरी एफए घटू शकतो.

टी१चे धोके साधे वाटतात, म्हणूनच जास्त फसवतात. हललेल्या डोक्याचं कॉर्टेक्स पातळ दिसतं. पहिल्या वेळी माणूस बावरलेला असतो, थोडा हलतो. दुसऱ्या वेळी मशीन ओळखीचं झालेलं, तो शांत पडतो. आकडे म्हणतात जाडी वाढली, आणि श्रेय जातं मोडीला! दुसरी खोट प्रक्रियेतली. दुसरा स्कॅन पहिल्यावर जुळवून बसवला की पुसटपणा फक्त दुसऱ्यालाच येतो आणि नसलेला फरक तयार होतो. दोन्हींच्या मधोमध त्या व्यक्तीचा स्वतंत्र टेम्प्लेट (नमुना-चित्र) करून दोघांनाही त्यावर सारखं बसवायचं. फ्रीसर्फर या मेंदूची चित्रं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची लाँगिट्यूडिनल (वेगवेगळ्या वेळच्या स्कॅनची) पद्धत हेच करते.

पाणी आणि वेळ यांचा परिणाम दोन्ही स्कॅनवर होतो. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूचं आकारमान किंचित घटतं. दिवस सरताना मोजमापही थोडं उतरतं. पहिला स्कॅन मे महिन्यात सकाळी आणि दुसरा श्रावणात, निर्जळी उपवासाच्या दिवशी, लोकल रखडल्यामुळे रात्री नऊला, असं झालं तर तो फरक शिकण्याचा म्हणता येणार नाही. स्लॉटची वेळ प्रत्येकाची ठरलेली, अर्ध्या तासापलीकडे सरकली तर दुसरा दिवस.

पैसे एकाच सिक्वेन्सपुरते (स्कॅनच्या एकाच प्रकारापुरते) असतील तर आम्ही टी१ घेऊ, आणि वाचलेल्या पैशांतून वर्ग सुरू होण्याआधी आठवड्याच्या अंतराने दोनदा घेऊ. काहीच न शिकता दोन स्कॅनमध्ये किती फरक पडतो हे त्यातून कळतं. तेवढ्या फरकाला निष्कर्ष म्हणायचं नाही. सोबत तुलनेचा गट हवाच, आणि तोही रिकामा बसलेला नको: तितकेच तास देवनागरी सुलेखन करणारा असेल तर उत्तम.

डिफ्युजनकडे वळावं ते दोन परिस्थितींत. एक, डाव्या आर्क्युएट फॅसिक्युलससारखा (भाषेचे भाग जोडणारा) ठरावीक तंतुमार्ग प्रश्नातच आहे. दोन, शिकवणी काही तासांचीच आहे. तेव्हाही ५ मिनिटांचा टी१ सोडू नये, कारण डिफ्युजनची चित्रं नीट बसवायला तो लागतोच.

बुकिंगच्या आधी सेंटरला तीन गोष्टी विचारा: मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून थेट निघणारी) मिळणार का (फिल्म किंवा जेपीजी निरुपयोगी), डिस्टॉर्शन करेक्शन (चित्रातला वाकडेपणा काढणं) दोन्ही वेळी सारखंच राहील का, आणि पुढच्या चार महिन्यांत मशीनचं सॉफ्टवेअर अपग्रेड होणार आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तारखा अपग्रेडनंतरच्या घ्या.