लघुकथेतील ताण शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक परीक्षण

लघुकथेत ताण कसा निर्माण होतो, या एकाच प्रश्नाला वाहिलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. कथालेखनाच्या बहुतेक कार्यशाळा कथाबीज, पात्रे, वातावरण आणि शेवट असे सारेच विषय घाईघाईने उरकतात; इथे एकाच विषयाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न आहे आणि तो बऱ्याच अंशी साधला आहे.

वाचकाला काय कळू द्यायचे आणि केव्हा, याविषयीचा विभाग सर्वांत मोलाचा वाटला. त्यासाठी थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतील प्रसिद्ध उदाहरण घेतले आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाने 15 सेकंदांचा धक्का बसतो. ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीच्या फुटकळ गप्पाही तो 15 मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. हे तत्त्व कथेत कसे उतरवायचे, ते एका स्वाध्यायातून उत्तम उमगते. बहिणीला न सांगता भावाने घर विकले आहे आणि ती अंगणात रोप लावते आहे, हा प्रसंग दोनदा लिहायचा असतो : एकदा विक्रीची गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत राखून, एकदा ती पहिल्याच वाक्यात सांगून. पहिल्या खर्ड्यात ‘पाच वर्षांत फळ धरेल बघ’ हे बहिणीचे बोलणे नुसता तपशील होता. दुसऱ्या खर्ड्यात तेच बोलणे वाचवेना, आणि भावाने उत्तर न देता पाण्याची बादली उचलली एवढ्यानेही प्रसंग ताणला गेला. दडवल्यानेच उत्कंठा वाढते, ही नवोदितांमधली घट्ट समजूत या एका स्वाध्यायाने मोडून निघते.

वाक्यरचनेचा विभाग मात्र मला पटला नाही. प्रसंग तापला की वाक्ये तोडावीत, असा सरसकट सल्ला त्यात दिला आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे लांब वाक्यही वाचकाला अखेरच्या शब्दापर्यंत टांगून ठेवू शकते. ‘जिना चढून, दारापाशी थांबून, आतल्या बोलण्यात आपले नाव दोनदा ऐकूनही कडी न वाजवता ती परत फिरली’ या वाक्याचे चार तुकडे केले, तर ती आत जाणार की नाही ही धाकधूक तिथेच विरते. मराठीत लिहिणाऱ्यांना शिकवताना भाषेच्या या सामर्थ्याकडे दुर्लक्ष व्हायला नको होते.

रशियन कथाकार-नाटककार चेखोव्ह यांच्या बंदुकीचा धडाही उलटा शिकवला आहे. गोळी झाडण्याचा विचार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असे त्यांनी 1889 मधील एका पत्रात लिहिले होते. रोख अनावश्यक गोष्टी गाळण्यावर होता. इथे मात्र सुरुवातीला एखादी वस्तू ठळकपणे मांडून शेवटी ती वापरण्याचा सराव करवून घेतला जातो. अशा कथेतला सुरीचा उल्लेख वाचताच पुढचे सगळे उमगते आणि ताण उरतच नाही.

मुक्त शेवटाबद्दल जेमतेम एक व्याख्यान आहे. ताण न सोडवता कथा कुठे थांबवावी, हा कथाकाराला सतत छळणारा प्रश्न त्यात निसटता येऊन जातो.

स्वाध्यायांवरचे अभिप्राय मात्र मनापासून दिलेले असतात. ‘छान जमले आहे’ असा शेरा मारून मोकळे न होता तपासनीस नेमक्या वाक्यावर बोट ठेवतात. माझ्या एका खर्ड्यात निवेदकाने पात्राची भीती शब्दांत सांगितल्यामुळे संवादातला अबोला वाया गेला, हे त्यांनी ओळीसकट दाखवले. ज्यांनी काही कथा लिहून बाजूला ठेवल्या आहेत आणि त्या सैल का वाटतात हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. अगदी पहिली कथा लिहू पाहणाऱ्यांना तो जड जाईल, कारण स्वाध्यायांसाठी हाताशी स्वतःचे लेखन असावे लागते.